नागदेवी स्ट्रीटचं बेअरिंगचं दुकान आणि घरी उघडलेलं जिप्सीचं डिफरन्शियल

आधीच सांगतो, दुकान एक नंबर आहे आणि ज्याला मागचा अॅक्सल आणि त्यातलं डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा जोड) घरच्या घरी उघडायचाय त्याने गॅरेजवाल्याच्या नादी लागण्याआधी एकदा इथे जाऊन यावं. मुंबईत मस्जिद स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, गर्दीतून हातगाड्या चुकवत पाच-दहा मिनिटं चालायचं की नागदेवी स्ट्रीट. अख्खी गल्ली बेअरिंग, ऑइल सील, बेल्ट, ड्रिल, टॅप-डाय यांचीच. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या गल्लीत अशी चांगली दुकानं बरीच आहेत, आणि मी जे सांगतोय ते बघून तुम्हाला तुमचं दुकान स्वतः ओळखता येईल.

गाडी मारुती जिप्सी. १९८५ साली आलेली ही गाडी, खाली लोखंडी शिडीसारखी चासी, मागे-पुढे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल आणि पाट्याची स्प्रिंग, म्हणजे आजच्या गाड्यांच्या मानाने एकदम उघडं पुस्तक. पूर्व द्रुतगती महामार्गावर साठच्या आसपास मागून वूंऽऽ असा आवाज यायचा, अॅक्सिलरेटर दाबला की वाढायचा, पाय काढला की एकदम गायब. ही खूण लक्षात ठेवा. दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर जाणारा आवाज बहुतेक वेळा क्राऊन-पिनियनचा (डिफरन्शियलमधला मोठा गोल गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) किंवा पिनियन बेअरिंग ढिलं झाल्याचा असतो. सारखी घरघर येत असेल आणि वळणावर कमीजास्त होत असेल तर आधी चाकाचं बेअरिंग बघा. गिअर टाकताना ‘टक्’ वाजत असेल तर डिफरन्शियलला हात लावायच्या आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे हलवून बघा, अर्ध्या लोकांचं काम तिथेच संपतं.

माझ्या गाडीचं काम आधी एका गॅरेजमधे झालं होतं. तेव्हा सील बदलायला म्हणून पिनियनचा नट काढला आणि परत लावताना जुन्याच कॉलरवर इम्पॅक्ट गनने ढ्यँऽ करून आवळून टाकला. राग याचा येतो की ही गोष्ट त्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसणं शक्यच नाही. पिनियनच्या दोन टेपर बेअरिंगच्या मधे जी पातळ कॉलर असते ती चेपायलाच बनवलेली असते, ती एकदा चेपली की तिचं काम झालं, नवीन कामाला नवीन कॉलर. जुनीवर नट आवळला तर बेअरिंगवरचा ताण कमी पडला की जास्त झाला हे कुणालाच कळत नाही. कमी पडला तर लोड आल्यावर पिनियन मागेपुढे सरकतो आणि दात जिथे घासायला नको तिथे घासतात, जास्त झाला तर बेअरिंग तापून जातं. आणि वर आता तेच लोक म्हणाले की पूर्ण गोळाच, म्हणजे अख्खं डिफरन्शियल, बदला, कुर्ल्याच्या भंगारातून आणून देतो. म्हणून म्हटलं, नको, स्वतःच उघडू.

जिप्सीत एक सोय फार चांगली आहे. क्राऊन, पिनियन, सगळं एका वेगळ्या केसमधे बसवलेलं असतं आणि ती केस अॅक्सलच्या पुढच्या तोंडातून अख्खी बाहेर निघते. ऑइल काढायचं, ड्रम काढायचे, ब्रेकचे पाइप सोडायचे, बॅकिंग प्लेटचे नट काढून दोन्ही बाजूचे अॅक्सल शाफ्ट बाहेर ओढायचे, प्रोपेलर सोडायचा, केसचे नट काढायचे आणि वजनदार आहे हे लक्षात ठेवून खाली जॅक लावून उतरवायची. हे सोसायटीच्या कंपाउंडमधे भक्कम हॉर्सवर (लोखंडी स्टँडवर) गाडी उभी करून आरामात होतं (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, कृपा करून). खरं नाजूक काम त्यानंतर टेबलावर आहे, आणि ते घरात बसून, स्वच्छ उजेडात, घाई न करता करता येतं. मला तर वाटतं याच कारणासाठी घरी केलेलं काम गॅरेजपेक्षा चांगलं होऊ शकतं, कारण तिथे मागे तीन गाड्या उभ्या असतात.

आता दुकानाकडे येतो. काउंटरवर एक वयस्कर काका बसतात, रत्नागिरीकडचे. मी जिप्सीचे डिफचे बेअरिंग म्हणताच म्हणाले, "गाडी राहू द्या, नंबर सांगा." जुनी बेअरिंग मी पिशवीत नेलीच होती. त्यांनी कोनची, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या रिंगची, कड चिंधीने पुसली, भिंग लावलं, नंबर मोठ्याने वाचला आणि मागे पोराला आवाज दिला. मग मला समजावून सांगितलं की मेट्रिक टेपर बेअरिंगचा नंबर ३ ने सुरू होतो आणि शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं, म्हणजे ३०३०६ असेल तर शून्य सहा गुणिले पाच, तीस मिमीचा शाफ्ट. आणि ३०३०६ च्या जागी कुणी ३२३०६ दिलं तर भोक तेच, बाहेरचा घेरही तोच, पण रुंदी जास्त, म्हणजे पिनियनची सगळी गणितंच बदलणार. ग्राहकाला एवढं सांगणारं दुकान मला दुसरीकडे भेटलेलं नाही.

दुसरी गोष्ट, ड्युप्लिकेट. या गल्लीत सगळं मिळतं आणि सगळं म्हणजे सगळंच. काकांनी स्वतःहून दोन खोके काढून ठेवले आणि म्हणाले, हे घ्यायचं तर घ्या पण याचं बिल मी ब्रँडच्या नावाने देणार नाही. दुसरा खोका एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा, जीएसटीच्या पक्क्या बिलावर पूर्ण नंबर लिहून. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं अॅप आहे, त्यात खोक्याचे आणि बेअरिंगचे फोटो पाठवले की कंपनीची माणसं बघून सांगतात, शेफलर या दुसऱ्या बेअरिंग कंपनीचं पण ओरिजिनचेक म्हणून अॅप आहे. मी दुकानातच उभा राहून फोटो काढले, काकांना काही वाटलं नाही, उलट खोका उजेडाला धरून दिला. जिथे फोटो काढू देत नाहीत तिथून सरळ निघा.

तिथूनच ऑइल सील, नवीन कॉलर आणि पिनियनचा नवा नट. कॉलर त्यांच्याकडे नव्हती, शेजारच्या दुकानातून पोराने आणली, सोबत दोन घ्यायला लावल्या. हा सल्ला सोन्यासारखा आहे, कारण कॉलर चेपताना नट जरा जरी पुढे गेला तरी मागे फिरवून चालत नाही, नवीन कॉलर टाकून पहिल्यापासून. त्याआधी मी ऑनलाइन एक ‘कम्प्लीट ओव्हरहॉल किट’ मागवलं होतं, त्यातल्या बेअरिंगवर नंबरच नव्हता आणि सीलची ओठाची स्प्रिंग हातात सुटून आली, ते परत पाठवलं. विक्रेत्याने पैसे दिले, तक्रार नाही, पण डिफच्या कामात नंबर नसलेलं बेअरिंग गाडीत जाताच कामा नये.

आता ज्या वस्तूसाठी हा रिव्ह्यू मला मनापासून लिहावासा वाटला ती म्हणजे डायल गेज, अगदी बारीक अंतर काट्यावर दाखवणारं घड्याळासारखं मोजमापाचं साधन. याच दुकानात, काचेच्या कपाटात. मिटुटोयोचं जपानी पण होतं आणि पुण्याच्या बेकरचं पण. मी बेकरचं घेतलं, ०.०१ मिमीचं, सोबत मॅग्नेटिक स्टँड. काट्याची चाल एकदम गुळगुळीत, बोट लावून सोडलं की दरवेळी त्याच रेघेवर परत येतो. दुकानात घेताना हेच बघा, दांडा हळू दाबून हळू सोडा, काटा कुठे अडखळला तर दुसरा पीस मागा. स्टँड मात्र स्वस्तातला घेऊ नका, गेज कितीही चांगलं असलं तरी दांडी लवली तर रीडिंग खोटं. मी स्टँडसाठी थोडे जास्त पैसे दिले आणि ते वसूल झालेत. गॅरेजने सांगितलेल्या मजुरीत गेज, स्टँड, बेअरिंग, सील सगळं बसलं, आणि गेज आता कायमचं घरात आहे.

गेज कशाला लागतं? क्राऊन आणि पिनियनच्या दातांत जो बारीक प्ले, म्हणजे मोकळीक, ठेवायचा असतो तो डोळ्याने किंवा हाताने कळत नाही. आमच्या गाडीला तो ०.१० ते ०.१५ मिमी, म्हणजे जेमतेम केस-दोन केसांच्या जाडीएवढा. गेजचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवायचं, पिनियन घट्ट धरून ठेवायचा, क्राऊन अलगद पुढेमागे हलवायचा आणि काटा किती फिरतो ते लिहायचं. एकाच जागी नाही, क्राऊन फिरवत तीन-चार जागी. रीडिंगमधे फार फरक पडला तर क्राऊन वाकडा बसलाय किंवा त्याच्या आणि केसच्या मधे कचरा अडकलाय. अॅडजस्ट करायला दोन्ही बाजूला आट्यांच्या रिंगा आहेत, एक जेवढी सैल तेवढीच दुसरी घट्ट, म्हणजे क्राऊन सरकतो पण बाजूच्या बेअरिंगवरचा ताण तोच राहतो. आणि हो, बाजूच्या बेअरिंगवरच्या दोन्ही कॅपवर उघडण्याआधीच पंचाने खुणा करा, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडेच परत गेली पाहिजे, त्या जोडीने मशीन केलेल्या असतात.

जुनेच क्राऊन-पिनियन परत वापरणार असाल तर उघडण्याआधी जुना प्ले मोजून लिहून ठेवा. दात ज्या जागी एकमेकांना घासून बसलेत तिथेच ते परत बसले पाहिजेत, नव्या गाडीचा आकडा गाठायच्या हट्टाने जुने दात नव्या जागी घासायला लावले की आवाज येतोच.

पिनियनचा ताण मोजायला महागडा टॉर्क मीटर लागतो असं सगळे सांगतात. नाही लागत. स्प्रिंग काटा घ्या, सामान मोजायचा साधा. पिनियनच्या फ्लँजला (प्रोपेलर जिथे बोल्टने जोडतो त्या गोल तबकडीला) दोरी गुंडाळायची, काटा अडकवून एकसारखा ओढायचा आणि फ्लँज फिरत असताना काटा किती दाखवतो ते बघायचं. फ्लँजची त्रिज्या ५ सेमी आणि काटा २ किलो दाखवत असेल तर १० किलो-सेमी. फिरायला सुरुवात होतानाचा झटका धरायचा नाही, चालतं असतानाचं रीडिंग. नट थोडा आवळा, मोजा, परत थोडा आवळा, मोजा. कॉलर चेपायला लागते तेव्हा खूप जोर लागतो, लांब टॉमीला पाइप घालून, आणि फ्लँज धरायला भोकं पाडलेली अँगलची पट्टी. मग अचानक काट्याचं रीडिंग वाढायला लागतं, तिथून पुढे नट अगदी इंच इंच नाही तर रेघ रेघ. मॅन्युअलमधला आकडा आला की थांबा. एक शब्द नाही, फोन नाही, त्या वेळी फक्त काटा.

शेवटी दातांचा ठसा. तिथे ब्लू पेस्टची ट्यूब मिळते, पण मुंबईतले जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून लावतात, तो पण चालतो, फक्त त्यात शिसं असतं त्यामुळे हातमोजे घाला आणि घरातल्या भांड्यात कालवू नका. तीन-चार दातांना पातळ लावायचं, क्राऊनला कापडाने ब्रेक देत दोन्ही दिशेला फिरवायचं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. मुळाशी खोल गेला असेल तर पिनियन जास्त आत गेलाय, शिम (पिनियनच्या मागे घालायची चकती) पातळ हवा. वरच्या कडेला चढला असेल तर पिनियन लांब राहिलाय, शिम जाड हवा. माझा ठसा निघाला तेव्हा निळ्यामधे स्वच्छ चकाकणारं लांबट बदामासारखं पॅच मधोमध आलं, मी आईला पण बोलावून दाखवलं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना गोळा घ्यायला जाणाऱ्यांना एक विनंती. क्राऊन आणि पिनियन जोडीने घासून बनवलेले असतात, दोघांवर कोरलेला नंबर जुळला पाहिजे. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन लावून विकणारे आहेत. नंबर जुळत नसेल तर फुकट दिला तरी नको.

ऑइल जीएल-५, दीड लिटरच्या आसपास बसतं. क्राऊन-पिनियनचे हायपॉइड, म्हणजे तिरके वळवलेले, दात एकमेकांवर घसरतात पण खूप, म्हणून त्याला जीएल-५ चं एक्स्ट्रीम प्रेशरवालं ऑइलच हवं, इंजिनचं उरलेलं नको. जुनं ऑइल डबक्यात किंवा गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या पिंपात द्या, आपली गटारं मिठीत आणि खाडीतच जातात. पहिल्यांदा पंधरा-वीस किमी हळू चालवून थंड होऊ दिलं, आठशेनंतर ऑइल परत बदललं, चुंबकाच्या ड्रेन बोल्टवर बारीक राखेसारखं लोखंड होतं, तुकडा एकही नाही. साठला आता रेडिओ ऐकू येतो.

दुकानाची एकच कमी बाजू. पिनियनच्या मागचे शिम तिथे मिळत नाहीत, काका सरळ नाही म्हणाले. बेअरिंग त्याच नंबरचं आणि चांगल्या कंपनीचं असेल तर जुना शिम बऱ्याचदा तसाच चालतो, मायक्रोमीटरने मोजून ठेवा आणि ठशावर विश्वास ठेवा. बदलायची वेळ आलीच तर मारुतीच्या पार्टसच्या दुकानात नंबर देऊन मागवावे लागतात, किंवा जरा जाड मिळाला तर सरफेस ग्राइंडरवाल्याकडून हवा तेवढा घासून घ्यावा लागतो. रविवारी जाऊ नका, गल्ली बहुतेक बंद असते, आणि गाडी तर नेऊच नका, उभी करायला जागा नाही.