स्कोडा स्लाव्हिया १.५ घेताय? मग मोंटे कार्लो की साधी सिग्नेचर, यावर माझं मत

१.५ टीएसआय, म्हणजे मोठं टर्बो पेट्रोल इंजिन घ्यायचं हे पक्कं, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पण पक्का, आता फक्त ट्रिम, म्हणजे कुठलं व्हेरिएंट, ते ठरत नाहीये, असं म्हणणारे मित्र, ऑफिसमधले लोक सारखे भेटतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी स्वतः याच फाट्यावर बरेच दिवस अडकून होतो. एका बाजूला मोंटे कार्लो, काळं छत, काळे आरसे, काळी ग्रिल, काळे अलॉय, आत लाल-काळं. दुसऱ्या बाजूला सिग्नेचर, छत बॉडीच्याच रंगाचं, ग्रिलला क्रोम, सिल्व्हर अलॉय, शेजाऱ्यांना नवी गाडी आली हे पण दोन दिवसांनी कळेल अशी. मधे स्पोर्टलाइन आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक गोष्ट साफ करतो. मी घेतली तेव्हा या तिन्ही गाड्यांमध्ये १.५ मिळत होती, आणि ती घेतली तर खाली सगळं तेच होतं. १५० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क, तोच सात गिअरचा डीएसजी, तेच सस्पेन्शन, आणि तिघींनाही मागे ड्रम ब्रेकच होते. म्हणजे मोंटे कार्लोला जास्त पैसे मोजून गाडी कुठेही जास्त पळत नाही, वळत नाही की थांबत नाही. पैसे जातात ते दिसण्याला, आणि काही फीचर्सना, डिजिटल कॉकपिट, सनरूफ वगैरे. सनरूफ हवंच असेल तर तुमचं गणित वेगळं, ते मी धरत नाहीये.

हे मुद्दाम सांगतोय कारण सगळ्याच कंपन्यांच्या स्पोर्टी ट्रिम नुसत्या कपड्यांच्या नसतात. ह्युंदाई आय२० ची स्पोर्टी ट्रिम एन लाइन २०२१ ला आली तेव्हा मला पण वाटलेलं की लाल पट्ट्या लावून जास्त पैसे घेतायत, पण तिच्यात सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचं सेटिंग वेगळं होतं, एक्झॉस्टचा आवाज वेगळा होता, मागे डिस्क होत्या जेव्हा साध्या आय२० टर्बोला ड्रम होते. तिथे बंपरच्या मागे काहीतरी होतं. २०२३ च्या फेसलिफ्टनंतर तर साध्या आय२० मधून टर्बो गेलाच, म्हणजे इंजिन हवं तर एन लाइनच घ्या. क्रेटाचं पण तसंच, २०२४ मध्ये १.५ टर्बोला मॅन्युअल गिअरबॉक्स हवा असेल तर एन लाइनशिवाय रस्ता नव्हता. अशा ठिकाणी स्टाइलिंग महाग की स्वस्त हा वादच नाही, ते सोबत येतं. स्लाव्हियात तसं नाहीये, इथे निवड खरोखर दिसण्याची आहे.

आता पैसे. मोंटे कार्लो सप्टेंबर २०२४ ला आली तेव्हा छोट्या १.० इंजिनची मॅन्युअल १५.७९ लाखांपासून सुरू होती, स्पोर्टलाइन १४.०५ पासून. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या वरच्या या गाड्यांचा टॅक्स सेस धरून ४५ टक्के होता तो ४० झाला, त्यामुळे आकडे हलले, तुम्ही तुमच्या शहरातलं ताजं कोटेशन घ्या. पण ट्रिममधलं अंतर साधारण तसंच राहतं. सिग्नेचर १.५ आणि मोंटे कार्लो १.५ यांच्यात मला ऑन-रोड जवळपास दोन लाखांचा फरक दिसत होता. आणि इथे लोक एक विसरतात, की महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे आणि तो गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे काळ्या छताच्या प्रत्येक लाखावर आरटीओला बारा हजार, वर जास्त आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर, इन्शुरन्स, आणि लोन असेल तर त्या सगळ्यावर सात वर्षं व्याज.

यातला खरा पेच मात्र वेगळाच आहे. बजेट साधारण एकच धरलं, तर मोंटे कार्लो १.० ऑटोमॅटिक आणि सिग्नेचर १.५ डीएसजी या दोन्ही जवळपास एकाच पैशात बसत होत्या. म्हणजे तेवढ्याच रकमेत एकीकडे मोंटे कार्लो रॅलीचं नाव आणि ११५ पीएस, दुसरीकडे साधा चेहरा आणि १५० पीएस. माझ्यासाठी इथे फार विचार करण्यासारखं काही नव्हतं. १.० वाईट इंजिन आहे असं अजिबात म्हणत नाही, शहरात ते पुरून उरतं. पण मी महिन्यातून एकदा तरी चिपळूणला जातो, कुंभार्ली घाट उतरून, आणि परत येताना चढावर पुढे भरलेला ट्रक, त्याच्या मागे एसटी, आणि सरळ रस्ता मिळतो जेमतेम, तेव्हा १.५ मध्ये नुसता पाय दाबला की ती १६०० आरपीएमपासूनच ओढायला लागते, गिअरबॉक्सला फार शोधाशोध करावी लागत नाही. १.० ला तिथे थोडं आधीपासून ठरवावं लागतं. टेस्ट ड्राइव्हला दोन्ही चालवल्यात, भाड्याने पण १.० घाटात नेलीये, स्टॉपवॉच लावलं नाही, पण हातापायाला कळतं तो फरक.

मग प्रश्न उरतो तो ज्यांचं बजेट थेट १.५ मोंटे कार्लोपर्यंत जातं त्यांचा. माझं जात होतं, ओढूनताणून का होईना. आणि खरं सांगतो, शोरूममध्ये टोर्नेडो रेड आणि काळं छत असलेली उभी होती, तिच्यावरून नजर हटत नव्हती. त्या रंगात स्लाव्हियाची मागे उतरत जाणारी रेषा इतकी सुंदर दिसते की बस. चाकणला बनलेली गाडी अशी दिसते याचा पुणेकर म्हणून आनंद पण झाला. तरी मी ती घेतली नाही, आणि ते दोन लाखांमुळे नाही. ते चकचकीत काळ्या रंगामुळे.

मामेभाऊ बाहेरगावी बदली झाली म्हणून त्याची गाडी काही महिने माझ्याकडे ठेवून गेला होता. वेगळ्या कंपनीची, पण अशीच, लाल बॉडी आणि छत, आरसे, स्पॉयलर ग्लॉस ब्लॅक. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात निम्मं पाणी टँकरचं, बाकी बोअरचं. सकाळी गाड्या पुसणारे दादा येतात, ते माणूस म्हणून उत्तम, पण एक बादली, एक फडकं आणि वीस-पंचवीस गाड्या. शेजारी मेट्रोचं आणि दोन टॉवरचं काम चालू, म्हणजे छतावर रोज बारीक वाळूचा थर. ती वाळू आणि ते फडकं जेव्हा काळ्या छतावर फिरतं तेव्हा लगेच काही दिसत नाही. संध्याकाळी चारच्या तिरप्या उन्हात गाडी उभी केली आणि छताकडे बाजूने बघितलं, तर उजेडाच्या भोवती गोल गोल ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं. आणि त्याच गाडीच्या लाल दरवाज्यावर, त्याच फडक्याने पुसलेल्या, काहीच दिसत नाही. ओरखडे तिथेही आहेत, फक्त काळ्यावर उजेड त्यांच्यात अडकून उठून दिसतो.

त्यात पाण्याचे डाग. बोअरचं पाणी जड, पुसायला उशीर झाला की थेंब जागेवर वाळतो आणि क्षाराचं पांढरं कडं सोडून जातो. आरशांच्या काळ्या टोप्यांवर आणि स्पॉयलरच्या कडेवर ती कडी बसली ती साध्या शांपूने गेलीच नाहीत. व्हिनेगरचं पाणी लावून थोडी गेली, बाकीच्यांसाठी डिटेलिंगवाल्याकडे नेली. त्याने छत पॉलिश करून दिलं, एकदम आरशासारखं, पण तोच म्हणाला की दादा हे दरवर्षी नका करू, प्रत्येक वेळी मशीन थोडा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाते आणि तो आधीच पातळ असतो. खिडक्यांच्या मधल्या पट्ट्या बऱ्याच गाड्यांत नुसतं चकचकीत प्लास्टिक असतं, वर क्लिअरकोट नसतोच, त्यावर मशीन फिरवायला तो तयारच नव्हता. पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावा म्हणाला. फक्त काळ्या भागांचं कोटेशन मागितलं तर ते ऐकून मी गप्प झालो.

हा कुठल्या एका कंपनीचा दोष नाहीये, काळ्या चकचकीत रंगाचा स्वभावच तो, महागड्या जर्मन गाड्यांनापण हेच होतं. पण तुम्ही परफॉर्मन्स गाडी घेताय म्हणजे तुम्ही तिच्याकडे बघणारे लोक आहात, पार्क करून चार पावलं गेल्यावर वळून बघणारे. अशा माणसाला रोज ते जाळं दिसणार. मला ते सहन होईना, गाडी माझी नसताना. तेव्हाच मनात पक्कं झालं की आपल्या गाडीवर असा एकही मोठा काळा भाग नको.

म्हणूनच स्पोर्टलाइन पण बाद झाली, जी पैशात बघितली तर सगळ्यात मोहात पाडणारी आहे. लाँचला सिग्नेचर आणि स्पोर्टलाइनमध्ये फरक काही हजारांचाच होता, एका टायरच्या किमतीत काळे अलॉय, काळी ग्रिल, काळे आरसे. शोरूमवाला म्हणणारच की एवढ्यात कोण सोडतं. ज्याच्याकडे बंद पार्किंग आहे आणि जो रविवारी स्वतः दोन बादल्या आणि मायक्रोफायबर घेऊन गाडी धुतो, त्याने खुशाल घ्यावी, मला त्यात काही खटकणार नाही. बाकीच्यांनी लक्षात ठेवावं की या काळ्या रंगाचे पैसे शोरूममध्ये कमी आणि नंतर जास्त द्यावे लागतात.

अजून एक खर्च जो ब्रोशरमध्ये नसतो. स्टाइल किट म्हणजे बहुतेक सगळं प्लास्टिक, बंपरच्या पट्ट्या, लिप, स्पॉयलर, स्कर्ट. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत क्लेमच्या वेळी प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे झिरो डेप, घसारा न कापणारं ॲड-ऑन, नसेल तर अर्धे पैसे तुमचे. त्यामुळे स्पोर्टी ट्रिम घेतली तर झिरो डेप पहिली पाच वर्षं तरी सोडू नका. आणि खास ट्रिमचा पार्ट असेल तर वाट बघायची तयारी ठेवा, एका ओळखीच्यांच्या अशाच एका गाडीचा मागचा बंपर यायला इतके आठवडे लागले की त्यांनी मधे फाटक्या बंपरवरच लग्नाला जाऊन घेतलं. साध्या ट्रिमचा बंपर बहुतेक वेळा गावात कुठेतरी पडलेला असतो.

स्पॉयलरने ग्रिप वाढते असं कोणी सांगितलं तर तेवढं मनावर घेऊ नका. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे बरोबर, पण एक्सप्रेसवेला आपली मर्यादा १०० आहे, घाटात ६०, समृद्धीवर १२०. त्या वेगात डिकीवरची दोन बोटांची पट्टी जे काही करते ते तुमच्या डिकीतल्या बॅगेपेक्षा कमी असेल. जिथे पंख खरंच काम करतो तिथे पण लोक तो काढून घेतात, पोर्शच्या ९११ जीटी३ ला २०१७ पासून टुरिंग म्हणून प्रकार आहे, तेच इंजिन, फक्त मागचा मोठा फिक्स पंख नाही, आणि त्याचे चाहते कमी नाहीत. मला ते लोक फार जवळचे वाटतात.

काही जण म्हणतात साधी घे आणि बाहेरून किट लाव, निम्म्या पैशात होतं. नका करू. रंग, रॅप हा भाग वेगळा, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा रोख एकच आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही. शिवाय पॉलिसीत न सांगितलेल्या किटचे पैसे इन्शुरन्सवाले देत नाहीत. आणि बाहेरच्या बंपरच्या फटी कधीच कंपनीसारख्या बसत नाहीत. स्टाइल हवीच असेल तर ती फॅक्टरीतूनच घ्यावी, या बाबतीत मोंटे कार्लोचा मान मी पूर्ण ठेवतो.

मी सिल्व्हर सिग्नेचर १.५ घेतली. तीन दिवस धुतली नाही तरी कळत नाही. वाचलेल्या पैशातून चांगले टायर टाकले, आणि त्याने गाडी ओल्या घाटात जेवढी बदलली तेवढी कुठल्याच रंगाने बदलली नसती असं मला तरी वाटतं. क्रोम थोडं जास्त आहे, मान्य, पण त्यावर ओरखडे दिसत नाहीत.

तरीही ज्यांचं मन मोंटे कार्लोवरच बसलंय त्यांनी दोन कामं करा. शोरूमच्या एलईडीखाली ठरवू नका, डेमोची काळ्या छताची गाडी असेल तर ती दुपारनंतर बाहेर उन्हात काढायला सांगा आणि छताकडे समोरून नाही, बाजूने बघा, हजारो हात फिरलेलं छत कसं दिसतं ते तिथेच कळेल. आणि बुकिंग केलीत तर सेल्सवाल्याला आधीच लिहून द्या की डिलिव्हरीच्या आधी माझी गाडी यार्डात कोणी धुवायची नाही, फडकं लावायचं नाही, धुळीसकट द्या, मी घरी नेऊन स्वतः धुईन.