पतंगांच्या पडद्यासाठी दिवा: मर्क्युरी की यूव्ही एलईडी?

पाऊस सुरू झाला की पतंगांच्या, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या मॉथच्या, नादी लागलेल्या मंडळींमध्ये एक प्रश्न फिरायला लागतो: पडदा लावायचाय, दिवा कोणता घेऊ? पडदा म्हणजे ताणून बांधलेली चादर, तिच्यावर उजेड पाडला की पतंग येऊन बसतात. पांढरी चादर, दोरी आणि अमावास्येच्या आसपासची रात्र हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यात शिरत नाही. मी दोन्ही दिवे वापरले आहेत. पुढे जे लिहितोय त्यामागे मोजमाप नाही, माझा अनुभव आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी मर्क्युरीची, म्हणजे पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या बल्बची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. चोकशिवाय थेट होल्डरमध्ये बसणारा 160 वॅटचा बल्ब लांबवर दिसतो. दरीच्या तोंडाशी लावला तर समोरच्या उतारावरूनही पाहुणे येत असावेत, असं मला वाटत आलंय. मोठे हॉक मॉथ (जाड अंगाचे, वेगाने उडणारे पतंग) माझ्या पडद्यावर त्याच्याच उजेडात जास्त आले. शिवाय त्यात यूव्हीबरोबर (अतिनील किरणांबरोबर) पांढरा उजेडही भरपूर असतो, त्यामुळे पडद्यावर काय बसलंय ते नुसत्या डोळ्यांनी कळतं.

यूव्ही एलईडी आपल्याला मिणमिणती वाटते. पतंगांना तशी वाटत नाही, कारण त्यांचे डोळे 350 नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही चांगला टिपतात. म्हणून 365 ची एलईडी घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या पट्ट्या बऱ्याचदा 395 च्या असतात. त्यांचा झगझगीत जांभळा रंग आपल्याला जास्त दिसतो, पतंगांना त्याचा तेवढा उपयोग नाही. जर्मनीतले अभ्यासक गुन्नार ब्रेम यांनी 2017 साली पॉवर बँकेवर चालणारा एलईडी दिवा मांडला. त्यात यूव्हीच्या जोडीला निळे, हिरवे आणि पांढरे एलईडीही आहेत. घरी दिवा जोडणाऱ्यांनी ही कल्पना जरूर उचलावी, थोडे हिरवे-पांढरे एलईडी घातले तर पडदाही बरा दिसतो.

माझा निर्णय मात्र किती पतंग आले यावर झाला नाही, बटणावर झाला. मर्क्युरीचा बल्ब एकदा विझला की लगेच पेटत नाही. आतली नळी तापलेली असते, पाऱ्याची वाफ दाबाखाली असते, आणि ती निवल्याशिवाय ठिणगी धरत नाही. क्षणभर लाइट गेली तरी पाच-दहा मिनिटं अंधार, आणि पेटल्यावर पूर्ण तेजाला यायला पुन्हा काही मिनिटं. आंबोली, ताम्हिणी, भीमाशंकरच्या बाजूला जुलैत मुक्काम केलेल्यांना लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. तोवर पडद्यावरचे निम्मे पतंग उठून गेलेले असतात, आणि जो नेमका नीट टिपायचा राहिला होता तोही त्यातच असतो. मी वर्षानुवर्षं हे सोसलं. इन्व्हर्टर नेऊन पाहिला, पण 160 वॅटला तो रात्रभर पुरत नाही आणि जंगलात जनरेटरचा आवाज मला चालत नाही. त्यात पावसाचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला तर बल्ब तडकतो. बाहेरची काच फुटून आतली नळी जळत राहिली, तर तिचा यूव्ही डोळ्यांना आणि कातडीला घातक असतो. मग बल्बवर छत्री धरा, पत्रा लावा, हे आलंच.

एलईडीचं बटण कितीही वेळा दाबा. याचा फायदा नुसता लाइट गेल्यावर होतो असं नाही. किडे दिव्याकडे पाठ ठेवून उडायचा प्रयत्न करतात, म्हणून ते त्याच्याभोवती गरगरत राहतात, असं 2024 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं. मी फोटोच्या वेळी दिवा मिनिटभर बंद करतो. गर्दी बसते, पंख स्थिर होतात, आणि टॉर्चच्या उजेडात निवांत फोटो मिळतो. उजाडण्याआधीही दिवा बंद करता येतो, नाहीतर पहाटे कोतवाल आणि बुलबुल पडद्यावर ताव मारायला येतात.

एलईडीची खोट रंगात आहे, आणि आपल्यासारख्यांना ती छोटी नाही. आपण फोटो टाकतो ते कुणीतरी ओळख सांगावी म्हणून. नुसत्या यूव्हीत काढलेला फोटो निळा-जांभळा येतो. जिओमेट्रिड कुळातला हिरवा पतंग राखाडी दिसतो, आणि ओळखणारा जाणकार बिचारा कशावर बोट ठेवणार? कपडे उजळ करणाऱ्या पावडरीत धुतलेली चादर यूव्हीत आणखी निळी चमकते, त्याने भर पडते. यावर माझा उपाय म्हणजे एक चांगला पांढरा टॉर्च बाजूने धरायचा, यूव्ही बंद करायची आणि मग फोटो काढायचा. वरून एक, बाजूने एक, जमलं तर मागचे पंख दिसतील असा एक, आणि शेजारी मोजपट्टी. असे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की मला उत्तरं लवकर मिळतात. तरीही काही पतंगांची जात फोटोवरून ठरतच नाही, त्यांच्या जननेंद्रियांची तपासणी लागते. दिवा कोणताही असो, तिथे इलाज नाही.

कुणी घराच्या गच्चीवरून, खात्रीच्या विजेवर आणि पक्क्या छपराखाली दरवर्षी त्याच जागी नोंदी घेत असेल, तर मर्क्युरी सोडा असं मी म्हणणार नाही. जुन्या नोंदींशी तुलना करायची तर दिवा तोच हवा. मात्र बल्ब गेल्यावर कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे असे बल्ब जगभर मागे पडताहेत, तेव्हा पुढे ते मिळतील याचा भरवसा धरू नका.

पाठीवर सामान घेऊन घाटात जाणाऱ्या, नव्याने सुरुवात करणाऱ्या मित्राने विचारलं, तर मी 365 ची एलईडी, मोठी पॉवर बँक आणि यूव्ही अडवणारा चष्मा सांगेन. चष्मा विसरू नका. दिवा मिणमिणता वाटतो म्हणून आपण त्याच्याकडे नको तितका वेळ बघत बसतो.