डीबगव्ह्यू: दिसायला जुनाट, कामाला पक्कं

जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलांना आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर देतो, आता मिलच्या कॉम्प्युटरवर व्हिज्युअल स्टुडिओ (प्रोग्रॅम लिहायचं-तपासायचं सॉफ्टवेअर) कुठून असणार, म्हणून टेस्टिंगला डीबगव्ह्यू, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स टूल्समधलं, चालू प्रोग्रॅमचे मेसेज दाखवणारं. फुकट आहे, इन्स्टॉलची भानगड नाही, पेनड्राईव्हवरून चालवलं की प्रोग्रॅम आउटपुटडीबगस्ट्रिंगने (विंडोजचं मेसेज पाठवायचं फंक्शन) जे बोलतो ते वेळेसकट समोर. फिल्टर तर भारीच! आपल्या ओळींच्या सुरवातीला 'काटा' लावायचं आणि इन्क्लूडमध्ये तेच टाकायचं, नाहीतर बाकीच्या प्रोग्रॅमांची बडबड भरीत पार्टीसारखी चालूच असते. लॉग फाईलमध्ये सेव्ह होतो, मिलवाल्याला सांगायचं भाऊ फाईल व्हॉट्सॲप कर, झालं.

सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) टेस्ट करत असाल तर ॲडमिन म्हणून चालवा आणि मेनूतल्या कॅप्चर ग्लोबल विन३२ वर टिक करा, नाहीतर स्क्रीन कोरीच. प्रोग्रॅमला डीबगर (चुका शोधायचं टूल) जोडलेला असला तर सगळे मेसेज तोच घेतो, इथे काही येत नाही. डॉटनेटवाल्यांनो, ट्रेस.राईटलाईन वापरा, डीबग.राईटलाईन रिलीज बिल्डमध्ये (गिऱ्हाइकाला द्यायच्या आवृत्तीत) सहसा गायब असतं, DEBUG मुद्दाम चालू ठेवलं नसेल तर. आणि लूपमध्ये धडाधड ओळी ओतू नका, प्रत्येक मेसेजला थांबावं लागतं त्यामुळे प्रोग्रॅमच हळू पडतो, मग काटा उशिरा वजन दाखवतो म्हणून मालक ओरडतो ते वेगळंच.

साडेचार स्टार, अर्धा दिसण्यापायी कापला.