फुकट ‘प्रोफाइल इव्हॅल्युएशन’ आणि माझे 302

पाचपैकी अडीच तारे.

परदेशी शिक्षणासाठी सल्ला देणाऱ्या या कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाही. पुण्यात डेक्कनच्या आसपास अशा डझनभर आहेत, यातलं बरंचसं कुठेही घडेल.

मी सांगलीची, मेकॅनिकल. सीजीपीए 7.6, दोन केट्या, म्हणजे राहिलेले पेपर (एम-थ्री, इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, दुसरं काय), चाकणला तीन वर्षं क्वालिटीत. जीआरईला, म्हणजे परदेशी मास्टर्ससाठीच्या प्रवेश परीक्षेला, क्वांट (गणित) 158, व्हर्बल (इंग्रजी) 144, मिळून 302. क्वांटच्या 158 ला निम्म्याहून जास्त मुलं आपल्या पुढे असतात. पेपर संपल्यावर आकडे तिथेच स्क्रीनवर दिसतात आणि चार विद्यापीठांना फुकट रिपोर्ट पाठवता येतो. मी एकही नाव न टाकता बाहेर पडले आणि दोन ग्लास उसाचा रस प्यायले.

परदेशात मास्टर्सला अप्लाय करावं की नाही, एवढंच विचारायला आम्ही गेलो होतो. बाबा पहाटेच्या एसटीने आले, माझ्या सगळ्या मार्कशीट पिशवीत घालून. काउन्सेलर सरांनी पिशवी उघडलीच नाही. स्कोअर ऐकला आणि म्हणाले, “मॅडम, 302 वर दोनच रस्ते. आमची रिटेक बॅच, नाहीतर आमच्या टाय-अपची कॉलेजं.” टाय-अपच्या यादीत जर्मनीही होती, पण सगळी खासगी कॉलेजं, भरभक्कम फीची. सरकारी एकही नाही.

बाबांनी विचारलं, “आमच्याकडून काही घेत नाही म्हणता, मग हा एसी कशावर चालतो?”

सर हसले. पण उत्तर खरं दिलं: पोरगं दाखल झालं की कॉलेज कमिशन देतं. अर्धा तारा या खरेपणाचा. सरकारी जर्मन विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फीच नसते, तिथून कमिशन कुठून येणार?

त्या रात्री मी ज्या जर्मन कोर्सेसच्या अटी वाचल्या, त्यातल्या चारांत जीआरई मागितलेलीच नव्हती. ते बघतात मार्क, तेही त्यांच्या मापात बसवून. दहापैकी माझे 7.6, पास व्हायला 4. वजाबाकी 2.4, भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. आले 2.2. तिथे 1 सर्वांत चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास. कित्येक कोर्सेसची अट 2.5 पर्यंतची असते. म्हणजे ज्या पिशवीला सरांनी हात लावला नाही, त्यातच माझं उत्तर होतं!

अमेरिकेचंही तसंच. बऱ्याच विभागांनी जीआरई काढून टाकलीय किंवा ऐच्छिक ठेवलीय. सरांचं म्हणणं, ऐच्छिक असली तरी सगळे पाठवतात. पाठवू देत, 158 वाल्याने कशाला पाठवायचा? रिटेक 21 दिवसांनी देता येते हे खरं, पण शिफ्ट सांभाळून केलेल्या शेवटच्या दोन मॉकमध्ये (सराव परीक्षांत) मी 303 आणि 301 वर होते. बॅचची फी त्यापेक्षा एपीएसला जाईल: जर्मनीसाठी ते मार्कशीट-पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, 18,000 रुपये. जर्मन विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात त्या युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे 75 युरो, पुढच्या प्रत्येकाचे 30. खरा डोंगर ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चाचे आधीच खात्यात भरून दाखवायचे पैसे, वर्षाचे 11,904 युरो. त्यावर आमच्या घरी अजून बैठक चालू आहे. आत्याने ‘लग्नाचं बघा आधी’ असं मत नोंदवलंय.

उरलेले दोन तारे एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, तपासणाऱ्या मुलीचे. फक्त तेवढीच सेवा मी पैसे देऊन घेतली. “लहानपणापासून मला यंत्रांची आवड” हे वाक्य तिने पहिल्याच मसुद्यात खोडलं आणि विचारलं, “चाकणला रिजेक्शन कमी केलंस म्हणतेस, कसं केलंस?” कास्टिंगमधल्या ब्लोहोलवर (ओतकामात हवा अडकून पडणाऱ्या पोकळ्या) मी दीड पान लिहिलं. तेच राहिलं. केट्यांबद्दल एक ओळ, रडगाणं नाही. युनि-असिस्टमधून चार अर्ज जाणार आहेत, अमेरिकेत एक, तोही स्कोअरशिवाय.

जाणार असाल तर थेट तिची वेळ मागा, शनिवार टाळा. आणि गाडी समोर लावू नका, उचलतात. आमची उचलली.