फोटोत बसलेलं इंजिन: जुनी पिकअप बांधायला देताना झालेली फसवणूक

जुनी गाडी बांधायला दिली असेल, तर पुढचा हप्ता देण्याआधी गाडीखाली शिरून बघा. मला फसवणाऱ्या गॅरेजवाल्याचं काम बोनेट उघडलं की देखणं दिसायचं. खोटेपणा सगळा खाली होता.

गाडी १९५१ ची शेव्हरलेट ३१०० पिकअप. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ शिवडीला होता. त्या काळातल्या शेव्हरलेट अजूनही एखाद्या गुऱ्हाळामागे किंवा गोठ्याशेजारी उभ्या दिसतात. ही मामांच्या गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा वाहायची. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पण ब्लॉकला तडा गेलेला. गॅरेजवाल्याशी ठरलं ते असं: मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल उतरवून मला परत द्यायचा. गाडीत जीपचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स आणि उघड्या शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला पोचवणाऱ्या दांड्याचा) एक्सल बसवायचा. पुढेमागे ब्लॉक दुरुस्त झाला की गाडी मूळ रूपात आणता यावी, म्हणून चासीचा एकही आडवा मेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी) कापायचा नाही, हेही कागदावर लिहून घेतलं होतं. निम्मे पैसे आगाऊ, इंजिन बसल्यावर दुसरा हप्ता, गाडी चालली की उरलेले.

त्या दुसऱ्या हप्त्यावरच त्याचा डोळा होता. व्हॉट्सअॅपवर फोटो आले: रंगवलेलं इंजिन जागेवर, पुढे रेडिएटर, मागे गिअरबॉक्स, सोबत ‘दादा, बसलं इंजिन’ असा निरोप. पैसे गेले. नंतर एका ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी तेच फोटो मोठे करून दाखवले. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या भांड्याखाली, लाकडी ठोकळा होता आणि गिअरबॉक्स साखळीला टांगलेला. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते चासीवरचे आधार, तयारच झालेलं नव्हतं.

हे सगळ्यांना सांगायचं कारण, इंजिन ‘बसणं’ म्हणजे काय हे मालकाला ठाऊक नसेल तर असा फोटो कुणालाही पटतो. या पिकअपचं मूळ इंजिन पुढच्या टोकाला आणि मागे बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) दोन बाजूंना टेकतं, गिअरबॉक्सला वेगळा आधार नसतो. जीपच्या इंजिनाला ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना फाउंडेशन आणि गिअरबॉक्सच्या शेपटीखाली आडवा मेंबर लागतो. तो नव्याने बनवावा लागतो, आणि तो बनवण्याआधी इंजिनाची जागा ठरवावी लागते. रेडिएटर, बोनेट, केबिन सगळं जागच्या जागी ठेवून, गाडी चाकांवर आणि पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) वजन येईल अशी सपाट जमिनीवर उभी करून. पंखा आणि रेडिएटर यांच्यात निदान २-३ सेंटिमीटर जागा. खड्ड्यात पाटे पूर्ण दबले तरी पुढच्या बीमला (पुढच्या चाकांमधल्या आडव्या एक्सलला) चेंबर लागता कामा नये. स्टार्टर इंजिन न उतरवता निघाला पाहिजे. गिअरचा दांडा सीटच्या पुढे आला पाहिजे. हे सगळं जमेपर्यंत फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारायचे, पक्कं वेल्डिंग सर्वांत शेवटी.

गॅरेजवाल्याने मला अमेरिकेतल्या अशाच पिकअपचे फोटोही दाखवले होते, तिथले लोक इंजिन उजवीकडे थोडं सरकवतात म्हणून. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्याला जागा मिळावी म्हणून ते इंजिन उजवीकडे घेतात. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची. याने तेच माप आंधळेपणाने उचललं आणि इंजिन थेट स्टिअरिंग बॉक्सला भिडवलं. बाजूला सरकवण्यात गैर काही नाही, फक्त क्रँकची रेषा चासीच्या मध्यरेषेला समांतर राहिली पाहिजे. माझं इंजिन मागच्या बाजूला तिरकंही होतं.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा गावात बरी चालली. हायवेवर पन्नासच्या पुढे काटा गेला की अख्खी केबिन थरथरायची. गॅरेजवाल्याचं म्हणणं, ‘जुन्या गाडीला एवढं व्हायचंच.’ मग क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, वाजायला लागला आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळू लागलं.

मिस्त्रीकाकांनी गाडी सपाट फरशीवर घेतली आणि कोनमापक लावला. गिअरबॉक्सची शेपटी ६ अंश खाली झुकलेली, एक्सलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो एक्सलचा दांडा) जवळजवळ सपाट. इथे थोडं थांबून सांगतो, कारण बहुतेक फसवणूक याच ठिकाणी लपते. या शेव्हरलेटमध्ये शाफ्ट मूळचा जाड नळीत बंद असतो. क्रॉस एकच, तोही पुढे, आणि गाडीला ढकलणारा जोर नळीतूनच पुढे येतो. नळी काढून उघडा शाफ्ट लावला की क्रॉस दोन होतात आणि तो जोर मागच्या पाट्यांवर जातो. दोन क्रॉस आले की गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात: शेपटी ३ अंश खाली, तर पिनियनचं तोंड ३ अंश वर. फरक १ अंशाच्या आत. प्रत्येक क्रॉसचा कोन साधारण १ ते ३ अंश ठेवावा. अगदी शून्यही नको, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी घासतात. माझ्या गाडीत एक क्रॉस ६ अंशाने वाकत होता आणि त्याची भरपाई करायला दुसऱ्या क्रॉसला तसा कोन नव्हताच.

त्याने असं का केलं तेही खाली झोपल्यावर कळलं. चेंबर पुढच्या बीमवर टेकत होतं. योग्य उपाय म्हणजे इंजिन मागे घेणं किंवा चेंबर बदलणं, आणि त्याला वेळ लागतो. त्याने इंजिनाचं नाक उचललं, फाउंडेशनखाली वॉशरांची चळत रचली आणि वर काळा रंग मारला. पट्टीने खरवडलं तर ब्रॅकेटला नुसते टॅक होते, मधल्या फटी लांबीने (पुटीने) भरलेल्या. गिअरबॉक्सखालचा चासीचा मूळ मेंबर कापून तिथे साधा लोखंडी अँगल जोडलेला. बिलात ‘नवीन शाफ्ट, बॅलन्सिंगसह’ असं होतं. प्रत्यक्षात कापून जोडलेला जुना शाफ्ट, दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेतही नाहीत, बॅलन्सिंगच्या वजनाची पट्टी कुठेच नाही. बिल कच्चं, जीएसटी क्रमांकाशिवाय.

आणि ज्याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो: मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल त्याने परस्पर विकले. आधी ‘गोडाऊनला आहे’, मग ‘पोरांनी भंगारात घातलं.’ त्या इंजिनावर मामांच्या गाडीचा नंबर होता. जे डिझेल इंजिन बसवलं, त्याच्या नंबरावर ग्राइंडर फिरवलेला, आणि ज्या गाडीतून ते काढलं तिचा एकही कागद नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नंबरच नसेल तर नोंद कशाची करणार, आणि अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल? ज्यांना जुनी खासगी गाडी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, त्यांनी तर जास्तच जपावं. गाडी ५० वर्षांहून जुनी असली तरी चासीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

काम चालू असेल तर फोटोऐवजी व्हिडिओ कॉल करा आणि खालून दाखवायला सांगा. चेंबरखालचा जॅक किंवा ठोकळा काढायला लावा, मग इंजिन कशावर उभं आहे ते दिसतं. कोन मोबाइलवरच्या अॅपनेही मोजता येतो. ब्रॅकेट रंगवण्याआधी वेल्डिंग बघा, आणि फाउंडेशनचा हप्ता रंगाच्या आधीच्या पाहणीला बांधा. काढलेले जुने भाग त्याच दिवशी घरी आणा, टेम्पोचं भाडं पडलं तरी. नव्या इंजिनाचा नंबर आणि विकणाऱ्याचे कागद हातात आल्याशिवाय ते गाडीत चढू देऊ नका.

पोलिसांत इंजिनाच्या विक्रीची आणि खोडलेल्या नंबराची तक्रार दिली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत २ वर्षांची, आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ठरल्याचा कागद, हप्त्यांच्या पावत्या आणि ते लाकडी ठोकळ्याचे फोटो तिन्ही जोडले आहेत.

मिस्त्रीकाकांनी फाउंडेशन कापून काढली आहेत. आधी चासीचा मेंबर मूळ मापाने परत घालतील, इंजिनाचं नंतर. पश्चिम महाराष्ट्रात कुणाला शेव्हरलेटचं सहा सिलिंडर इंजिन ब्लॉकला तडा गेलेलं, बंद नळीच्या एक्सलसह, बिनकागदाचं विकायला आलं, तर घेण्याआधी त्यावरचा नंबर टिपून ठेवा आणि मला कळवा.