महागडी स्टिक तुटली, पण माझा खरा राग ग्लोव्हच्या तळव्यावर आहे

तुटली माझी आइस हॉकीची स्टिक. तीही साध्या पासवर. जोरदार स्लॅप शॉट नव्हता, कुणी वरून हाणली नव्हती, रिंकच्या कडेच्या बोर्डावरही आपटली नव्हती. बॅकहँडवरून, म्हणजे ब्लेडच्या पाठीने, जोडीदाराकडे पक (खेळायची रबरी चकती) सरकवला आणि खालच्या हातापासून वीतभर अंतरावर दांडा कट्‌कन गेला. वरचा तुकडा माझ्या हातात आणि ब्लेड पकच्या मागोमाग बर्फावरून घसरत निघालेलं. तुटलेल्या स्टिकने खेळत राहिलं तर पेनल्टी बसते, म्हणून हातातला तुकडाही तिथंच टाकला. चारशे ग्रॅमच्या आतला माझा सगळा अभिमान बर्फावर सोडून मी बेंचवर येऊन बसले.

ही त्या मॉडेलची दुसरी स्टिक. पहिली वॉरंटीत असतानाच गेली होती. कॉम्पोझिट स्टिकची वॉरंटी बहुतेक कंपन्या 30 दिवसांची देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. कंपनीचं नाव घेत नाही, पण बदलून घेताना जो तमाशा झाला तो सांगते. आधी फोटो पाठवा. मग सीरियल नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवा. मग टेप काढून ब्लेडचा फोटो. ब्लेडचा कशाला, तुटलाय तर दांडा! मग प्रश्न आला, ‘दांड्यावर ओरखडे दिसतात, बाहेरून मार बसलेला असू शकतो का?’ अहो, आइस हॉकी आहे ही. दांड्यावर ओरखडे नसलेली स्टिक फक्त दुकानात मिळते. शेवटी दिली बदलून, उपकार केल्यासारखी. आणि बदलीच्या स्टिकला वेगळी वॉरंटी नसते, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. त्यामुळे या वेळी दाद मागायला जागाच नव्हती. तरी विचारलं. उत्तरात नव्या स्टिकवर सवलतीचा कोड आला. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

तुटलेलं टोक नीट न्याहाळलं तेव्हा एक गोष्ट दिसली. तुकड्याच्या एका कडेला कार्बनचे धागे ताजे, काळे, टोकदार होते. दुसऱ्या कडेला मात्र ते मळकट आणि बोथट झालेले. म्हणजे तडा आधीचाच होता, कुठल्या तरी जुन्या फटक्याचा, आणि पास फक्त निमित्त झाला. कार्बनचा दोष हाच आहे. लाकडी स्टिक जायच्या आधी सोलते, ढलपे निघतात, आपल्याला कळतं. कार्बन शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो. आता मी दर सामन्याआधी ब्लेडची टाच बर्फावर हलकेच आपटून आवाज ऐकते. खणखणीत आला तर ठीक. बद्द आला की ती स्टिक सरावाला.

फ्लेक्सबद्दल, म्हणजे दांडा वाकवायला किती जोर लागतो त्या आकड्याबद्दल, थोडक्यात, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. वजन पौंडात काढा, निम्मं करा, तेवढा फ्लेक्स. 60 किलो म्हणजे 132 पौंड, निम्मे 66. म्हणून मी इंटरमिजिएट (ज्युनियर आणि सीनियरच्या मधलं माप), 65 ची वापरते. सीनियर 75 घेऊन हनुवटीपर्यंत कापायची आणि ‘75 ची आहे’ म्हणून सांगत फिरायचं, यात अर्थ नाही. दोन-तीन इंच कापलं की तोच दांडा वाकवायला कितीतरी जास्त जोर लागतो, छापलेला आकडा काहीही असो. शिवाय इंटरमिजिएटचा दांडा जरा बारीक असतो, लहान हातात नीट बसतो, आणि वर स्वस्तही पडतो. चणीने लहान असलेल्या पुरुष खेळाडूंना हे सांगितलं की त्यांना राग येतो. येऊ दे.

आता मुख्य मुद्दा. स्टिक तुटते, हे मी स्वीकारलंय. तुटणं हा तिचा धर्म आहे. पण ग्लोव्हचा तळवा?

ग्लोव्हज 13 इंची, त्याच मोसमात घेतलेले, वरच्या दर्जाच्या एक पायरी खालचे. बोटांवरचं पॅडिंग उत्तम, मनगट मोकळं फिरतं, अंगठ्याला मागे वाकू न देणारा कडक भाग व्यवस्थित. पहिल्या दिवसापासून हाताला सरावलेले. सगळं छान असताना उजव्या तळव्याला, मनगटाच्या जरा वर, जिथे स्टिकचं वरचं टोक घासतं, तिथे आधी चकाकी आली. मग कापड पातळ झालं. मग एक दिवस बोट आरपार.

मी लेफ्ट शॉट. म्हणजे डावा हात खाली, उजवा वर. पक हाताळताना मनगट फिरवायचं काम सगळं वरच्या हाताचं. खालच्या हातात दांडा नुसता सरकतो, वरच्या हातात तो तळव्याच्या एकाच जागेवर अखंड फिरत राहतो. तिथं आपण काय गुंडाळतो? खरबरीत कापडी टेप, तीही पीळ देऊन, पकड चांगली बसावी म्हणून. नॅश नावाच्या नाजूक कृत्रिम चामड्याच्या तळव्यावर ही टेप म्हणजे सरळ किसणी आहे. त्यात काळी टेप असेल तर तिचा चिकट काळा थर तळव्यात उतरतो आणि घाम, बर्फ यांच्याबरोबर सुकून कडक होतो. मग तो तळवा मऊ राहत नाही, तडकतो.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असं की पातळ तळव्यामुळे ‘फील’ चांगला येतो. मान्य. येतो. पक ब्लेडच्या टाचेला लागला की टोकाला, हे हाताला कळतं. पण मग झिजणाऱ्या त्या रुपयाएवढ्या जागेवर एक जादा थर शिवायला काय हरकत आहे? काही मॉडेलांत तसा देतातही, पण नेमका खालच्या हाताच्या जागी जास्त. ज्याने हे आखलं त्याने कधी वरच्या हाताने स्टिक धरलीच नसावी.

आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे ग्लोव्हज जोडीनेच विकतात. माझा डावा ग्लोव्ह आजही नवा दिसतो. टाके शाबूत, तळवा मऊ. उजवा बाद, म्हणून दोन्ही बदला! एकेकटा विकायला यांचं काय जातं, ते मला अजून समजलेलं नाही. ब्लेड तुटलं तर पूर्वी ब्लेड वेगळं मिळायचं, दांड्यात बसवायचं, झालं. आता स्टिक एकसंध, ग्लोव्हज जोडीने, हेल्मेट जाळीसकट. सुटं काही मिळूच नये अशीच सगळी रचना.

तळवा बदलून मिळतो, हे नंतर कळलं. चामड्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने जुना तळवा उसवून नवा शिवून दिला. खर्च नव्या जोडीच्या पासंगालाही पुरणार नाही इतका. पण शिवण आतून जरा जाड आली आणि पहिले काही दिवस करंगळीच्या मुळाशी टोचत राहिली. आता बसली. फील थोडा कमी झाला, आयुष्य वाढलं. हा सौदा मला चालतो.

इथवर लिहून ठेवलं होतं, मग मध्ये बरेच दिवस गेले, आणि काही मतं बदलली. वरचं खोडत नाही, पुढे लिहिते.

एक, तुटलेल्या स्टिकच्या जागी मी मधल्या किमतीची, गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणून निम्म्याला मिळणारी स्टिक घेतली. पन्नास-साठ ग्रॅम जड. पहिल्या दिवशी हातात लोखंडी पहार धरल्याचा भास. पण आठवड्याभरात वजन विसरले, आणि पक झेलायला ही स्टिक चक्क बरी निघाली. महाग स्टिकचं ब्लेड इतकं ताठ होतं की जोराचा पास त्यावरून उडायचा. हिचं ब्लेड जरा मऊ आहे, पक चिकटतो. रिस्ट शॉटला काही ग्रॅमनी फरक पडला असेल, तर माझ्या गोलकीपर मैत्रिणीला तो दिसला नाही. ती माझे शॉट दोन्ही स्टिक्सवरून तितक्याच निवांतपणे अडवते.

दोन, किक पॉइंट, म्हणजे शॉट मारताना दांडा जिथे वाकतो ती जागा. लो किक म्हणजे खाली, मिड किक म्हणजे मध्ये. हौशी खेळाडूंना लो किक नि मिड किक यातला फरक कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. मिड किक वापरायला लागल्यावर जाणवलं की नेटच्या अगदी जवळून झटपट मारायचं असेल तर लो किकने पक खरोखर लवकर सुटायचा. लांबून मारताना मात्र काहीच फरक नाही. माझे गोल येतात ते नेटजवळच्या गर्दीतूनच, त्यामुळे पुढची स्टिक परत लो किक, पण मधल्याच किमतीची. ब्लेडचं वळण P92 च ठेवणार (P92, P28, P88 ही वळणांच्या नमुन्यांची नावं). P28 दोन सराव उसनी घेऊन पाहिली. टोकाकडून पक भन्नाट सुटतो, पण बॅकहँड पास कुठे जाईल याचा नेम नाही. P88 बॅकहँडला सगळ्यात प्रामाणिक. हल्ली नियमाने पाऊण इंचापर्यंत वळण चालतं, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये 2006 पर्यंत ते अर्ध्या इंचावर अडवलेलं होतं. बॅकहँडची कला तिथूनच उतरणीला लागली, असं माझं मत. वाद घालायला तयार आहे.

तीन, टेप. नॉबवरची, म्हणजे स्टिकच्या वरच्या टोकावरची, काळी कापडी टेप काढून पांढरी लावली आणि तिच्यावर रबरी आवरण चढवलं. तळव्याची झीज जवळजवळ थांबली. आवरण जाड असल्याने मनगट आधी दुखलं, तेव्हा मी टेपचे खालचे थर कमी केले. आता ठीक. ही सगळी खटपट तळव्याच्या रुपयाएवढ्या जागेसाठी, हे लक्षात असू द्या.

बाकी सामानाबद्दल पटापट.

हेल्मेट. डोक्याला बसतं ते चांगलं. जास्त किमतीचं ते चांगलं, असं नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने 2015 मध्ये 32 हॉकी हेल्मेटांची चाचणी घेतली, तेव्हा पाचपैकी तीन ताऱ्यांच्या वर एकही गेलं नव्हतं. त्यानंतर हेल्मेटं सुधारली, पण किंमत बघून डोकं सोपवू नका, हा धडा कायम. जुनं घेत असाल तर मागचा एचईसीसीचा (हॉकीचं सामान प्रमाणित करणारी अमेरिकी संस्था) स्टिकर बघा. ते प्रमाणपत्र बनवल्याच्या तारखेपासून साडेसहा वर्षं चालतं. सेकंडहँड विकणारे नेमका तोच खरवडून काढतात. मी पूर्ण जाळी वापरते. आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांत पूर्ण चेहरा झाकणं सक्तीचंच आहे, आणि हौशी खेळात अर्धी काच लावून दात पणाला लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. जाळीला लोक नाकं मुरडतात. दोन सरावांनंतर ती दिसतही नाही.

गळ्याचा गार्ड. यावर काटकसर नाही आणि चेष्टाही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत गार्ड सक्तीचा केला. त्याआधी मीही गरम होतं म्हणून तो बॅगेतच ठेवायचे. आता कट रोखणाऱ्या कापडाचा, आतल्या शर्टालाच जोडलेला घेतलाय. गरम अजूनही होतं.

कोपराचे पॅड. मधल्या किमतीचे, पण पट्टे तीन असलेले. दोन पट्ट्यांचे अर्ध्या सामन्यात मनगटाकडे घसरतात आणि नेमके पडायच्या वेळी जागेवर नसतात. शोल्डर पॅड सगळ्यात हलके घ्या. आमच्या खेळात बॉडी चेक, म्हणजे अंगाने धडक देणं, नाही, मग चिलखत कशाला? शिन गार्ड गुडघ्याच्या मध्यापासून स्केटच्या बुटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजून घ्या. स्केटची जीभ आत ठेवता की बाहेर, त्यावर लांबी बदलते, आणि हे कुणी दुकानात विचारत नाही. पँटमध्ये माकडहाडाचं पॅड दाबून बघा. बर्फावर बूड आपटल्यावर बाकीची वैशिष्ट्यं कुणी आठवत नाही.

आणि सामान घरी आलं की बॅगेतून काढा, लटकवा. ग्लोव्हज हीटरवर कधीच नाही. तळवा खुळखुळ्यासारखा वाजायला लागतो आणि पुढच्या खेळात तडकतो. बोटं खाली, तोंड वर, पंख्याच्या वाऱ्यात. वास जात नाही, पण वाढत नाही.

शेवटची एक विनंती. राईट शॉट खेळणाऱ्या मंडळींचा झिजतो तो डावा ग्लोव्ह, उजवा बहुतेक ठणठणीत राहतो. कुणाकडे 13 इंची उजवा असा एकटा पडून असेल, रंग कुठलाही चालेल, तर कळवा. बदल्यात माझा डावा देईन, नव्यासारखा आहे. शिवून घेतलेला उजवा किती दिवस निभावेल, याचा भरवसा नाही.