ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आऊटबोर्ड इंजिन) घ्यायला जाताय? आधी होडीची मागची फळी मोजा (५ पैकी ४ स्टार)

रे रोडला उतरून दारूखान्यात आत गेलं की हे दुकान, बाहेरून बघाल तर भंगारवालाच वाटेल पण आऊटबोर्डमधलं एवढं कळणारा माणूस मला तरी मुंबईत दुसरा भेटला नाही. आम्ही वर्सोव्याचे, घरची १८ फुटी फायबरची होडी, खाडीत नाहीतर तोंडाबाहेर थोडंसं जाळं टाकायला. चुलतभावाच्या डोक्यात २५ एचपीच बसलेलं, का तर शेजारच्यानं लावलंय.

दुकानवाले काका म्हणाले भाव राहू दे, मागच्या फळीची उंची बोल. आम्ही गप्प. मग तिथूनच घरी फोन करून टेप लावायला सांगितली, २० इंच निघाली, म्हणजे लाँग शाफ्ट, लांब दांड्याचं इंजिन. १५ इंचवाला शॉर्ट शाफ्ट तिथे लावला की पंखा (प्रोपेलर) वरच राहतो, हवा खातो, इंजिन नुसतं बोंबलतं आणि होडी जागच्या जागी.

आता एचपीचं. आमची होडी पाणी कापत जाणारी, स्पीडबोटीसारखी उचलून पळणारी नाही. पाण्यात बसते ती लांबी १६ फूट धरा, तेवढ्या होडीचा स्पीड साडेपाच नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी १० किलोमीटरला अडतोच, त्यापुढे किती पण एचपी लावा, मागची बाजू खाली बसते, नाळ (पुढचं टोक) आभाळाकडे आणि पेट्रोल पाण्यात. मी म्हटलं मग ५ एचपीच द्या ना स्वस्तात, तर काका, "उधाणाची ओहोटी लागलेली असताना चार माणसं, बर्फ न् ओलं जाळं घेऊन समोरच्या वाऱ्यात खाडीत शिरून दाखव, मग देतो."

शेवटी ९.९ फोरस्ट्रोक घेतलं. वजन चाळीस-पंचेचाळीस किलो, दोघं मिळून रात्री घरी नेतो (जेटीवर ठेवायची सोय नाही, का ते सांगायला नको), २५ वालं साठच्या आसपास जातं, ते रोज कोण उचलणार?

खरे मार्क मात्र ट्रायलचे. काकांचा पोरगा वर्सोव्याला आला, होडीत पाण्याचे भरलेले ड्रम ठेवायला लावले, प्लगच्या वायरीला आरपीएम मीटरची वायर गुंडाळली आणि फुल थ्रॉटल. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय, मीटर ४७०० च्या वर जाईना. पोरगा म्हणाला पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा जेवढं पुढे ढकलतो ते अंतर) जास्त आहे, लोडच्या होडीला कमी पिच पाहिजे, एक इंच कमी केला की दोनेकशे आरपीएम वाढतात. दोन इंच कमीचा पंखा लावल्यावर ५१०० आले. रिकाम्या होडीत ट्रायल घेतली असती तर हे कळलंच नसतं, आणि इंजिन रोज दम लागल्यासारखं चाललं असतं.

एक स्टार कापला तो तो पंखा यायला तीन आठवडे लावले म्हणून, फोन तर उचलतच नाहीत. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी चक्री) पण स्टॉकला नव्हता, खाडीच्या गाळात चालवणाऱ्याला तो जवळ लागतोच. भाव करायला जाऊ नका, एक रुपया सुटत नाही. दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली असतं.